माळ्यावरचं भुसावळ

माझ्या सासूबाई कुणाशी कधी भांडल्या नाहीत. भांडण हे त्यांना उथळ माणसांचं काम वाटायचं. त्या उट्टं काढायच्या. तेही त्याच दिवशी, गरमागरम असं कधीच नाही. "राग ओला असताना तळू नये, सुधीरराव," त्या मला एकदा म्हणाल्या, "तडतडतो आणि आपल्याच हातावर उडतो. कडक वाळू द्यावा. मग टिकतो, आणि हवा तेव्हा डब्यातून काढता येतो." हे सांगताना त्या सोऱ्याने कुरडया पाडत होत्या आणि चेहरा इतका प्रसन्न होता, की कुणालाही वाटावं, बाई रेसिपी सांगताहेत. मलाही तसंच वाटलं. मी सिंगापुरात रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत जोखीम मोजून पोट भरणारा माणूस; पण समोर पाटावर बसलेली जोखीम काही मला ओळखता आली नाही.

त्यांना सगळे माई म्हणत. माईंच्या उट्ट्यांच्या गोष्टी माझ्या बायकोच्या, मेधाच्या माहेरी दिवाळीच्या फराळासोबत निघायच्या. समोरच्या घरातल्या काकूंनी एका पंगतीत, चारचौघींत म्हटलं होतं, "तुमच्या पापडात मीठ जरा पुढेच असतं हं." माई हसल्या. काही वर्षांनी त्याच काकूंच्या मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा रुखवतासाठी माईंनी स्वतःहून टोपलंभर उडदाचे पापड करून पाठवले. सुरेख, पातळ, एकसारखे. मिठाचा कण नाही. व्याह्यांच्या घरी ते तळले गेले, तेव्हा काय झालं हे माईंनी कधी विचारलं नाही. "मला कसं कळणार? मी आपलं त्यांना पुढे वाटणारं मीठ मागे घेतलं," एवढंच. धाकट्या दिरांनी माईंच्या लग्नात त्यांच्या उंचीवरून चेष्टा केली होती. त्या दिरांचे गुडघे दुखू लागले त्या वर्षापासून माईंनी त्यांना जेवायला घरातला सगळ्यात बुटका पाट द्यायला सुरुवात केली. आग्रह करून, हाताला धरून बसवत.

मी मात्र निर्धास्त होतो. जावयाला आमच्याकडे मान असतो. जावयाशी सासू भांडत नाही, उट्टंबिट्टं तर लांबच. हे संरक्षण मला कायमचं आहे अशी माझी समजूत होती. त्याच मानाचं हत्यार करता येतं, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

सासरे गेल्यावर माई आमच्याकडे सिंगापूरला आल्या. आंग मो किओ नावाच्या वस्तीच्या कडेला आमचं जुनं, कौलारू, रांगेतलं टेरेस हाऊस आहे. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांच्या, पुढे मोटार ठेवण्यापुरतं अंगण. माईंना घर आवडलं, हवा आवडली नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांनी निकाल दिला. "हे ऊन नव्हे. हा नुसता घाम आहे." भुसावळच्या बाईला उकाड्याचं कौतुक कोण सांगणार! त्यांच्या लेखी ऊन म्हणजे कोरडं, खणखणीत, सकाळी पसरलेली कुरडई संध्याकाळी टणाटण वाजवणारं. इथे त्यांनी अंगणात पहिल्यांदा कुरडया घातल्या, तर दुपारी आभाळ भरून आलं आणि पाटावर पुन्हा चीक झाला. दुसऱ्यांदा पाऊस आला नाही, तरी त्या दोन दिवस दमटच राहिल्या आणि तिसऱ्या दिवशी त्यांना हिरवी लव फुटली. माईंनी त्या कचऱ्यात टाकल्या नाहीत. बराच वेळ हातात धरून बसल्या. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, की या बाईचं इथे काहीच नाही. भाषा नाही, शेजारीण नाही, नातीशी बोलावं तर ती "व्हॉट, आजी?" म्हणते.

मग त्यांना माळा सापडला. वरच्या मजल्याच्या आढ्याला एक झाकण आहे, ते ओढलं की घडीची शिडी खाली येते. वर कौलांच्या खाली, वाकून फिरता येईल एवढी जागा. मधोमध फळ्या टाकलेल्या. आमच्या जुन्या बॅगा तिथे असायच्या. माई एक बॅग शोधायला म्हणून चढल्या आणि खाली येईचनात. मेधा घाबरून शिडीखाली उभी राहिली.

"माई! चक्कर आली का?"

"अगं, भुसावळ आहे इथे!" वरून आवाज आला.

खरंच होतं. दिवसभर कौलं तापायची आणि ती बंदिस्त हवा भट्टीसारखी कोरडी व्हायची. माईंनी फळ्यांवर प्लास्टिक पसरलं, त्यावर सासऱ्यांची जुनी स्वच्छ धोतरं, आणि धोतरांवर कुरडया. एका दिवसात वाजू लागल्या. त्या दिवशी माई जेवताना गुणगुणत होत्या.

त्यानंतर आमच्या घराचं केंद्र वर सरकलं. कुरडया, बिबडे म्हणजे ज्वारीचे खानदेशी पापड, सांडगी मिरच्या. माळ्याला सुट्टी म्हणून नव्हती. सिंगापूरभरच्या मराठी घरांत ही बातमी पसरली. बुओना व्हिस्टाहून मिलिंद गायकवाड, आमचा संशोधक मित्र, केवळ बिबड्यांसाठी एमआरटीची मेट्रो बदलून येऊ लागला. मी या देशात इतकी वर्षं राहिलो, नागरिक झालो, मंडळाच्या कार्यक्रमांत खुर्च्या लावल्या, तरी मला फारसं कुणी ओळखत नसे. आता गणपतीत लोक आपणहून येऊन हात मिळवायचे. "तुम्ही कुरडईवाल्या माईंचे जावई ना?" मी मान डोलवायचो. पदव्या आहेत मला, पण त्या कुणी विचारल्या नाहीत.

अडचण एकच होती. माईंचं भुसावळ बरोबर आमच्या बेडरूमच्या डोक्यावर होतं. ती खोली दुपारपासून अशी तापायची, की एसी नुसता धापा टाकायचा. माझा थोरला भाऊ कॅनडात असतो. तो फोनवर म्हणाला, "इन्सुलेशन घाल रे. घराला स्वेटर घालायचा. जितका जाड तितका चांगला." दादाच्या गावी सहा महिने बर्फ असतं आणि माझ्या गावी बारा महिने मोगरा फुलतो, हा फरक माझ्या ध्यानात यायला हवा होता. पण थोरल्या भावाचं ऐकायची सवय जुनी. मी लॅपटॉप उघडून तक्ता केला. एक थर, दोन थर, तीन थर. कौलाखाली चकचकीत फॉइल लावून आणि न लावता. त्या तक्त्याला मी रंगसुद्धा दिले. जेवणाच्या टेबलावर तो सगळ्यांना दाखवला आणि दादाचं वाक्य स्वतःचं म्हणून खपवलं. "घराला स्वेटर घालायचा, काय?" माई वरण वाढत होत्या. "स्वेटर," त्या म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

पुढच्याच महिन्यात त्या भाचीच्या लग्नाला भुसावळला गेल्या, आणि मी ठेकेदाराला बोलावलं. तो शिडी चढला, उतरला, घाम पुसला आणि विचारलं, "रूफ ऑर सीलिंग, बॉस?" म्हणजे उष्णता अडवणाऱ्या रॉकवूलच्या गाद्या वर कौलांच्या खाली ठोकायच्या, की माळ्याच्या जमिनीवर, आमच्या खोलीच्या तक्तपोशीवर अंथरायच्या? मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "रूफ!" उन्हाला दारातच अडवायचं, असा माझा बाणा. "किती थर?" "तीन!" वर फॉइल. मिलिंदचं सगळं संशोधन असल्याच, उष्णता अडवणाऱ्या पदार्थांवर आहे. त्याला एक फोन केला असता तर चाललं असतं. पण तक्ता मी केला होता, मी!

खोली गार झाली, हे कबूल करायलाच हवं. मी दुपारची वामकुक्षी घेतली आणि पांघरूण ओढलं.

माई परत आल्या, तीन दिवस गहू भिजवला, चीक काढला, शिजवला, वर नेऊन कुरडया पाडल्या. तिसऱ्या दिवशी शिडीवरून उतरल्या त्या हळूहळू. त्यांच्या तळहातावर एक कुरडई होती. लवचिक, ओलसर, कडेने हिरवट.

"माळ्याला काय झालं?"

"गार केला, माई!" मी उत्साहाने म्हणालो. "तीन थर. स्वेटर!"

माईंनी माझ्याकडे पाहिलं. "बरं केलंत," त्या म्हणाल्या.

मेधाच्या हातातली पळी आमटीत पडली. रात्री... नव्हे, तेवढाही वेळ तिने घालवला नाही, तिथल्या तिथे मला स्वयंपाकघराच्या मागे नेलं. "आमच्या धाकट्या काकांना पण माई 'बरं केलंत' म्हणाली होती," ती म्हणाली. "तिच्या लग्नातल्या चेष्टेवर. पाट आठवतोय ना?"

तरी वेळ होती, गोष्ट तिथे मिटली असती. ती पेटवली आमच्या कन्येने. सई जेवता जेवता आपल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "बट काँट्रॅक्टर अंकल आस्क्ड व्हॉट. रूफ ऑर सीलिंग. पापा सेड रूफ."

माईंना इंग्रजी येत नसे. पण या वाक्यातला प्रत्येक शब्द त्यांनी मेधाकडून समजून घेतला. दोनदा.

"म्हणजे त्याने विचारलं होतं?"

"हो, म्हणजे... तो धंद्याचा प्रश्न..." मी म्हणालो.

"बरं, बरं. जेवा तुम्ही."

दुसऱ्या दिवशीपासून ते सुरू झालं. आपल्या ताटात डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, आणि वर कडेला पापड-कुरडईची जागा. माई वाढायला आल्या. मेधाच्या ताटात जुन्या डब्यातली कुरडई, सईच्या ताटात कुरडई. माझ्या ताटात मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर... आणि पुढे रिकामं. कोशिंबीर त्यांनी मुद्दाम अशी रेखून वाढली होती, की ती रिकामी जागा नजरेत भरावी. मी तिथे भात सरकवला, तर त्यांनी वाढताना तो अलगद मागे ओढून जागा पुन्हा मोकळी केली. पाहुण्यांसमोर तर विचारू नका. मिलिंदने एकदा निरागसपणे विचारलं, "सुधीरच्या ताटात राहिली का?" माई गोड आवाजात म्हणाल्या, "राहिली नाही. इथे कुरडई असती." बस. असती. त्या एका शब्दात माझे तिन्ही थर आले.

मी काही अगदीच लेचापेचा नाही. मीही बदला घ्यायचं ठरवलं. लिटल इंडियातून पाकीटबंद पापडांची चळत आणली, तळून घेतले आणि माईंच्या समोर बसून कुर्रकुर्र आवाज काढत खाल्ले. माईंनी शांतपणे हवा हुंगली. "सई, कुठे पुठ्ठा जळतोय का गं?" चळत मग माझ्या ऑफिसातल्या लोकांनी संपवली.

त्याच सुमारास माई विणकाम करू लागल्या. करड्या रंगाची जाड लोकर, भुसावळहून मागवून घेतलेली. टीव्हीसमोर सुया चालायच्या. मी विचारलं, "दादासाठी वाटतं? कॅनडात उपयोग होईल." त्या म्हणाल्या, "थंडी आवडणाऱ्या माणसासाठी आहे." मी दादाला फोन करून तसं कळवलंसुद्धा. माझं उट्टं माझ्या डोळ्यांदेखत टाक्यावर टाका विणलं जात होतं आणि मी रंगाची तारीफ करत होतो.

मग अधिक महिना आला. अधिकात जावयाला बोलावून जेवू घालतात, वाण देतात, अनारसे देतात. मी तर घरातच होतो. माईंनी आठ-दहा माणसं जेवायला बोलावली. बरोबर बाराची वेळ, अंगणात ऊन असं, की मोटारीच्या टपाला हात लावता येऊ नये. मला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, ओवाळलं, चांदीच्या तबकातून वाण पुढे केलं. वर अनारसे, आणि खाली करडा, बंद गळ्याचा, पूर्ण बाह्यांचा स्वेटर. सोबत कानटोपी, गोंड्यासकट.

"घाला," माई म्हणाल्या.

"माई, आत्ता?"

"वाण आहे. लगेच अंगाला लावायचं असतं. आणि तुम्हाला थंडी आवडते ना? सई, तो एसी बंद कर गं, जावयांना बाधेल."

"कॅन नॉट ला, आजी, ही विल मेल्ट!" सई म्हणाली, पण एसी तिने बंद केला. रक्ताचं नातं शेवटी.

मी स्वेटर घातला. कानटोपी घातली. पुरणपोळी, कटाची आमटी, भजी, सगळं त्या पोशाखात जेवलो. घाम भुवयांवरून ताटात, नेमका त्या रिकाम्या जागेत टपकत होता. मिलिंद खाली मान घालून खांदे हलवत होता. माईंनी फोटो काढवले, भुसावळला पाठवले आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "किती शोभतो! तीन पदरी लोकर आहे. म्हटलं, तुम्हाला तीन थर आवडतात."

पंगत उठल्यावर मी स्वेटरमधून बाहेर आलो, तो शरण येण्यासाठीच. "माई," मी म्हणालो, "माळा गार केला ही माझी चूक. पण एवढं?"

माई ताटं गोळा करत होत्या. त्या थांबल्या. हातातलं ताट त्यांनी खाली ठेवलं. "माळा काय, तुमचाच आहे. घर तुमचं, कौलं तुमची. पण त्या परक्या माणसाने विचारलं हो, वर की खाली. आणि तुम्ही मला विचारलं नाहीत. अख्ख्या सिंगापुरात तेवढी एकच जागा होती, जिथलं मला विचारायला हवं होतं."

मी फोन उचलला आणि ठेकेदाराला बोलावलं.

तो आला, तेव्हा मी शिडीखाली हात बांधून उभा राहिलो. "रूफ ऑर सीलिंग?" त्याने सवयीने माझ्याकडे पाहिलं. मी माईंकडे बोट केलं. मिलिंदला माईंनीच बोलावून घेतलं होतं. त्याने त्यांना आधीच नीट समजावलं होतं, की गाद्या खाली अंथरल्या तर वरची उष्णता वरच राहते. माईंनी त्यावरून आपला हिशेब लावला होता. "गोधडी ज्याला थंडावा पाहिजे त्याच्यावर घालायची. माझ्या भुसावळच्या डोक्यावर कशाला? वरचं सगळं काढा. खाली, फळ्यांच्या पोटात घाला."

"किती थर?" मी तक्ता काढणार होतो. माईंनी नुसतं पाहिलं, मी तो मिटला.

थर किती, हे माईंनी माझ्यावर प्रयोग करून ठरवलं. एक थर घातला. भर दुपारी मला खाली बेडरूममध्ये झोपायला सांगितलं, एसी न लावता. त्या वर बिबडे पसरून बसल्या. थोड्या वेळाने वरून हाक आली, "सुधीरराव, काय?"

"घाम!"

"घाला अजून एक!"

दुसऱ्या दिवशी दोन थर. पुन्हा मी खाली, त्या वर. या वेळी हाक आली ती मला ऐकूच गेली नाही. जाग आली तेव्हा माई उशाशी उभ्या होत्या, पदराने चेहरा पुसत, लालबुंद, आणि हातात एक बिबडा. तो त्यांनी माझ्या कानाशी मोडला. काडकन वाजला.

"तुम्ही घोरत होतात," त्या म्हणाल्या. "दोन पुरेत. तिसरा तुमच्या दादांना पाठवा, त्यांच्याकडे बर्फ असतं."

अशा रीतीने आमच्या घराला किती इन्सुलेशन लागतं, ते ठरलं. मला वाटलं, तह झाला. त्या रविवारी जेवायला बसलो, तर माझ्या ताटात मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, आणि कडेला रिकामी जागा.

"माई! अजून?"

"माळ्याचं मिटलं. न विचारल्याचं अजून वाळतंय."

"कधी संपेल?"

"संपेल तेव्हा मी सांगेन ना."

मग ती रिकामी जागा माझीच होऊन गेली. वर्षं गेली. माळ्यावर कुरडया वाजत राहिल्या, माई डबे भरून लोकांना देत राहिल्या, आणि मी चोरून स्वयंपाकघरात उभ्याने खात राहिलो, जे त्यांना माहीत होतं. डबा त्याच हाताशी ठेवायच्या. ताटात मात्र कधी नाही. पाहुण्यांना ठरलेलं वाक्य ऐकवायच्या, "इथे कुरडई असती," आणि आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता हसायचो.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी त्यांना शिडी बंद केली. माई मग म्हणाल्या, "आता खऱ्या भुसावळला जाते. हाडांना तिकडचं ऊन लागू दे." आम्ही समजावलं. त्या हो हो म्हणाल्या आणि बॅग भरली.

विमानाच्या दिवशी जेवायला त्यांनी स्वतः वाढलं. माझ्या ताटाशी आल्या. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. मग पदराआडून एक कुरडई काढली, पांढरीशुभ्र, फुललेली, आणि त्या जागेवर ठेवली.

मेधाने ते पाहिलं आणि तिचा हात तोंडाशी गेला. आपली आई मागे काही बाकी ठेवून जात नाही, हे तिला माझ्याआधी कळलं. "माई, आज का गं?" ती कशीबशी म्हणाली.

"का म्हणजे? जावयाला कुरडई वाढू नये?"

मला तेव्हा समजलं. मी ती कुरडई उचलली आणि त्यांच्या हातातल्या ताटलीत परत ठेवली.

"जस्ट ईट ला, पापा," सई हळूच म्हणाली. "यू वेटेड सो लाँग."

"नाही," मी म्हणालो. "माई, एवढ्यात मिटवायचं नाही. परत या, मग वाढा."

माईंनी ताटली खाली ठेवली. "रुसलात माझ्यावर?"

"हो."

"मग चांगला कडक वाळू द्या," त्या म्हणाल्या. "घाई करू नका."

माई पावसाळ्यापूर्वीच गेल्या. भुसावळला, दुपारी, खाटेवर, बाहेर खणखणीत ऊन होतं म्हणे.

आता मेधा माळ्यावर चढते, सई खालून ताटं देते, आणि कुरडया पूर्वीसारख्याच वाजतात. जेवताना मेधा सगळ्यांना वाढते आणि माझ्यापाशी आली की थांबते. मी हात आडवा धरतो. परवा एक नवीन कुटुंब जेवायला आलं होतं. त्यातल्या वहिनींनी माझ्या ताटाकडे पाहून विचारलं, "तुम्हाला कुरडई आवडत नाही का?"

"आवडते," मी म्हणालो. "इथे असती. पण ज्यांनी वाढायची, त्या परस्पर निघून गेल्या. मला विचारलं नाही."